ताणमास्तरांचा सर्व्हर

साखळी तुटते तेव्हा आधी हवा हलते, आवाज मागून येतो. ताणमास्तरांना हे उभ्या आयुष्यात कोणी शिकवलं नाही, त्यांच्या कानांनी ते स्वतःच शिकून घेतलं. क्रेनला लागणाऱ्या साखळ्यांच्या कारखान्यात ते ताण यंत्रावर होते. तयार साखळी यंत्रात अडकवायची आणि तिच्यावर भार चढवत जायचा. बाकीच्या साखळ्या ठरलेल्या भारापर्यंत ताणून सोडायच्या, पण प्रत्येक लॉटमधला एक तुकडा तुटेपर्यंत ताणायचा. कोणता तुकडा तुटणार हे साखळी जोडणाऱ्याला आधी सांगायचं नाही. सांगितलं की तो त्याच तुकड्यावर जास्त हात फिरवतो.

एकदा कडी उडाली आणि जाळीतून पार होऊन शेजारच्या कामगाराचा जबडा घेऊन गेली. मास्तरांनी त्याचे दात जमिनीवरून रुमालात गोळा केले, त्याला गाडीत घातलं, परत आले आणि जाळी दुहेरी करून घेतली. मग उरलेला लॉट ताणला. निवृत्त होईपर्यंत त्यांचं एकच म्हणणं होतं: जे तोडून पाहिलेलं नाही ते मजबूत आहे असं म्हणू नये.

घरात ते आणि त्यांची बायको. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण शाळेशी तिचा संबंध नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती एका वकिलाचे कागद टाइप करायची. तिची बोटं जशी चालत तशीच जीभही.

त्यांची लेक माहेरी आली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता आणि हातात एक पोतं होतं. पोत्यात कॉम्प्युटरचे तुकडे होते. अशी ती आधीही आली होती आणि प्रत्येक वेळी परत गेली होती.

लेक कपड्यांचे साचे बनवायची. बाही, पाठ, गळा, कॉलर, सगळं कॉम्प्युटरवर आखायचं, प्रत्येक मापात बसवायचं, मग रुंद कागदावर छापून कारखान्याला द्यायचं, त्यावरून कापड कापतात. काम डोक्याचं आणि चिकाटीचं. एका कॉलरच्या वळणाला दिवस जातो. जावई मालाचा ट्रक चालवायचा. तो भडकला की आधी कॉम्प्युटर फोडायचा आणि मग बायकोवर हात टाकायचा. हा क्रम कधी चुकला नाही. मास्तरांना बराच काळ वाटत होतं की रागाच्या भरात हाताला येईल ते तो फोडतो. मग त्यांच्या लक्षात आलं की राग असला तरी हिशेब पक्का आहे. माणसाला मारलं तर माणूस पळून जातो. त्याचं काम मारलं तर तो परत येतो. साचे गेले की गिऱ्हाईक जायचं, गिऱ्हाईक गेलं की लेकीची कमाई बुडायची, आणि महिनाभरात जावई दारात, मान खाली, हात जोडून. पोलीस चौकीत जाऊनही झालं होतं. तिथे दोघांना समोरासमोर बसवून समजूत घातली आणि घरी पाठवलं.

या वेळी लेकीला गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं काम मिळालं होतं. लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत सगळे साचे महिनाअखेरीला द्यायचे. वेळेत आणि बिनचूक दिले तर कायमची नोकरी. नाही दिले तर पुन्हा तीच महिनाभराची वाट आणि दारातला जावई. हे तिने आईबापांना जेवताना सांगितलं, खाली मान घालून, घास चावताना ओठ दुखू नये म्हणून एका बाजूने चावत.

मास्तर दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची बोळ. त्याने पोत्यात एकदा डोकावून पाहिलं आणि विचारलं, हे ट्रकखाली आलं का. मास्तर म्हणाले, ट्रकवाल्याखाली आलं. दुरुस्तीवाल्याने पोतं बाजूला सारलं. त्याने सांगितलं की यंत्र वाचवायच्या भानगडीत पडू नका, यंत्र फुटणारच. आतलं काम दुसरीकडे रोज उतरवून ठेवा. घरात एक सर्व्हर ठेवा, म्हणजे एक असा कॉम्प्युटर ज्याच्यावर कोणी बसून काम करत नाही. बाकीच्या कॉम्प्युटरांतलं काम तो रोज स्वतःकडे ओढून घेतो आणि सांभाळतो. एवढंच त्याचं काम.

मास्तरांना हे पटलं. त्यांनी त्याच्याकडूनच लेकीच्या कामासाठी दोन जुने कॉम्प्युटर आणि साचे छापायचं रुंद यंत्र आणलं, आणि सर्व्हरसाठी एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला, त्यात दोन नव्या डिस्क बसवून घेतल्या. दुरुस्तीवाल्याने पेन ड्राइव्हवर सर्व्हरची फुकट मिळणारी प्रणाली चढवून दिली. पुढच्या खोलीत लेकीचा कामाचा कॉम्प्युटर, मागच्या खोलीत छपाईच्या यंत्राला जोडलेला दुसरा, आणि मास्तरीणबाईंचा लॅपटॉप. तिन्हींपर्यंत मास्तरांनी भिंतीच्या कडेने केबल नेली, खिळा सरळ रेषेत, एकही वेडावाकडा नाही. वाय-फाय आहे की, असं लेक म्हणाली. मास्तर म्हणाले, जे डोळ्याला दिसत नाही ते सैल झालेलं कळत नाही.

मग त्यांनी चूक केली, आणि ती त्यांच्यासारख्या लोखंडातल्या माणसानेच करावी अशी होती. सर्व्हर फुटू नये म्हणून त्यांनी जाड पत्र्याची पेटी बनवली. चारही बाजूंनी वेल्डिंग, कुलूप आतल्या बाजूने झाकलेलं, पेटी भिंतीत बोल्टने पक्की. सर्व्हर आत ठेवून दार लावलं आणि पेटीवर थाप मारली. संध्याकाळपर्यंत पेटीला हात लावला तर चटका बसत होता आणि आतून डिस्क कण्हल्यासारखी वाजत होती. लेकीने पेटी उघडायला लावली. म्हणाली, बाबा, तुम्ही त्याला वाचवताय की भाजताय. आणि ती हसली. ओठ पुन्हा फुटला, रक्त आलं, तरी हसतच होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, हेच आमच्या लग्नात झालं, मला सुरक्षित ठेवायचं म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या.

पेटी उतरली. सर्व्हर उघड्या फळीवर गेला.

दुसरी चूकही मास्तरांचीच. त्यांना वाटत होतं दोन डिस्क आहेत म्हणजे कामाच्या दोन प्रती आहेत. एके दिवशी लेकीच्या हातून बाह्यांचा सगळा फोल्डर पुसला गेला, आणि सर्व्हरने इमानेइतबारे तो दोन्ही डिस्कांवरून पुसून टाकला. एक डिस्क दुसरीचा आरसा होती. माणूस गेला की आरशातलाही जातो. लेकीने दिवसभर बसून बाह्या पुन्हा आखल्या. मग तिने स्वतः वाचून, दुरुस्तीवाल्याला विचारून, सर्व्हरला असं सांगितलं की रोजची नवी प्रत ठेव पण मागच्याही राहू दे, पुसू नकोस. मास्तर तिच्या मागे उभे राहून बघत होते. क्रेनच्या एका आकड्याला दोन साखळ्या लावल्या म्हणजे भार वाटला गेला असं होत नाही, आकडा तुटला की दोन्ही खाली, हे त्यांना समजायला हवं होतं. समजलं नाही याची त्यांना चीड आली.

आता सर्व्हर नीट चालला होता. दिवे लुकलुकत होते, संध्याकाळी काम उतरत होतं. लेक निर्धास्त झाली. मास्तर झाले नाहीत. त्यांनी तो अजून तोडून पाहिला नव्हता.

सकाळी लेक पुढच्या खोलीत कामाला बसली होती. मास्तरांनी घण घेतला, मागच्या खोलीत गेले, छपाईचा कॉम्प्युटर जमिनीवर ठेवला आणि मारला. पहिल्या घावाला पत्रा बसला, दुसऱ्याला आतली पाटी तुटली, तिसरा बरोबर डिस्कवर. तीन पुरेसे होते, चौथा मारला नाही. मग त्यांनी पुढच्या खोलीकडे बघून हाक मारली की चल, बघू येतं का परत.

लेक खुर्चीत नव्हती. ती टेबलाखाली होती, पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर धरलेले. तिला काही ऐकू येत नव्हतं. मास्तर वाकून सांगत होते की मी आहे, मुद्दाम फोडला, जुनाच होता, आणि हे सांगताना घण त्यांच्या हातातच होता. प्रत्येक शब्दाला ती आणखी आक्रसत होती.

मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी आधी मास्तरांच्या हातातून घण काढून घेतला.

“शाब्बास,” त्या म्हणाल्या. “जावयाला यायला उशीर होत होता, म्हणून तुम्हीच उरकलंत.”

मग त्या टेबलाखाली शिरल्या आणि लेकीजवळ बसून राहिल्या. हात लावला नाही, नुसत्या बसल्या. बऱ्याच वेळाने लेक बाहेर आली, तोंड धुतलं, आईच्या लॅपटॉपसमोर बसली आणि सर्व्हरवरून फोडलेल्या कॉम्प्युटरचं काम परत मागवलं. एकेक साचा उघडून तपासला. कॉलर, बाही, पाठ, खिसा. सगळं होतं. तिने मान हलवली.

“तुमची तपासणी बरोबर आहे, बाबा. पण मला आधी सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “तोही सांगत नाही.”

मास्तरांना कारखान्यातला नियम सांगायचा होता, कोणता तुकडा तुटणार ते आधी सांगायचं नाही. त्याऐवजी त्यांनी फुटलेले तुकडे गोळा केले. दुपारी ते दुरुस्तीवाल्याकडून छपाईसाठी दुसरा कॉम्प्युटर घेऊन आले आणि जोडून दिला.

त्यानंतर लेकीने दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे सर्व्हरची एक प्रत घराबाहेर राहील. मास्तरांच्या भाषेत हे घरच एक आकडा होतं, तुटला की सगळं खाली. तिसरी डिस्क घेतली, ती दुरुस्तीवाल्याच्या दुकानात ठेवायची, दर शनिवारी आणून नवी प्रत उतरवायची आणि परत नेऊन द्यायची. दुसरी गोष्ट तिने आईबापांना समोर बसवून सांगितली. तो येईल. आला की कोणी मध्ये पडायचं नाही. त्याला फोडू द्यायचं. फोडायला यंत्रं आहेत तोवर तो माणसांकडे वळत नाही. तेवढ्यात तिघांनी दाराबाहेर पडायचं, पोलिसांना फोन करायचा. मास्तर म्हणाले, बरं. मनापासून म्हणाले.

तो भरदुपारी आला. चाक काढायची लोखंडी टॉमी हातात होती, पण आल्या आल्या त्याने ती चपलांशेजारी ठेवली, जशी लोक छत्री ठेवतात. बसला. पाणी मागितलं. मास्तरांना मामा म्हणाला, तब्येत विचारली. मग लेकीला म्हणाला, घरी चल. ती नाही म्हणाली. त्याने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा आवाज न चढवता. मग उठून दाराशी गेला, आतून कडी घातली आणि टॉमी उचलली.

बाहेर पडायची वाट अशी बंद झाली.

पुढचा कॉम्प्युटर एका फटक्यात गेला. स्क्रीन त्याने भिंतीवर फेकला. मागच्या खोलीत छपाईचं यंत्र मोडायला जास्त वेळ लागला, त्याचा लांब गज वाकला पण तुटत नव्हता, तो घामाघूम होऊन त्याच्यावर नाचत होता. कागदाची गुंडाळी खोलीभर उलगडली. परत येताना त्याला फळीवरचा सर्व्हर दिसला, लुकलुकणारे दिवे दिसले, आणि हे नवीन काय आहे ते त्याला समजलं असावं. तो हसला. त्याने सर्व्हर खाली ओढला आणि टॉमीचं टोक खुपसून आतल्या दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, मासा साफ करावा तसं. मग त्या ठेचल्या.

तिघे स्वयंपाकघराच्या दारात होते. लेकीने फोन लावलेला होता आणि पत्ता सांगून झाला होता. मास्तरीणबाई मात्र स्टुलावर बसल्या होत्या. लॅपटॉपवर उशी आणि उशीवर त्या. जावयाने लॅपटॉप कुठे आहे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, दुरुस्तीला दिलाय, तुमच्या कृपेने आमचं खातं आहे तिथे.

आता फोडायला काही उरलं नव्हतं. जावई धापा टाकत लेकीकडे बघत राहिला. ती नेहमी या वेळेपर्यंत रडायला लागलेली असायची, पाय धरायची, थांबा म्हणायची. आज ती उभी होती. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

“झालं असेल तर जा तू,” ती म्हणाली.

तो त्या ‘तू’वर अडखळला. मग त्याची नजर तिच्या हातांकडे गेली. मास्तरांनी ती नजर पाहिली. काम आता कुठे आहे हे जावयाला कळलं होतं. त्याने तिचं उजवं मनगट धरलं, फरफटत टेबलापर्यंत नेलं, पंजा टेबलावर दाबून धरला आणि टॉमी उचलली.

मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं. मास्तरांनी हात मध्ये घातला. टॉमी त्यांच्या कोपराखाली बसली आणि हाड तुटल्याचं त्यांना आधी जाणवलं, आवाज मागून आला. टोक पुढे घसरून लेकीच्या बोटांना चाटून गेलं. मास्तरांनी दुसऱ्या हाताने जावयाची गचांडी धरली आणि त्याला टेबलाच्या कडेवर आपटलं. त्याच्या नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली. तो उलटा फिरला, मास्तरांच्या मोडलेल्या हातालाच धरून पिळला. मास्तर ओरडले नाहीत, त्यांनी डोक्याने त्याच्या तोंडावर मारलं. तो पडला. टॉमी सुटली. मास्तरांनी ती उचलली आणि त्याच्या नडगीवर घातली. ओली फांदी मोडावी तसं झालं. तो किंचाळला, सरपटू लागला.

मास्तरांनी पुन्हा मारलं. त्याच पायावर. आणि पुन्हा.

“पुरे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. मग लेक टेबल सोडून आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली, मोडक्या काचांवर अनवाणी.

“बाबा, तो उठणार नाही आता. कोणाला मारताय?”

तेव्हा ते थांबले. पोलीस आले ते दार तोडून.

जावयाला पोलिसांच्या पहाऱ्यात दवाखान्यात नेलं. मास्तरांच्या हाताला प्लास्टर घातलं आणि त्यांनाही चौकीत बसवलं. जबाब घेणाऱ्या हवालदाराने सरळ विचारलं, पहिला घाव समजतो, पाय मोडल्यावर पुढचे का. मास्तर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, गरज नव्हती. आयुष्यभर भार मोजून लावला होता, गरजेपेक्षा जास्त जोर त्यांच्या हातून कधी गेला नव्हता. हे मात्र त्यांनी हवालदाराला सांगितलं नाही. मास्तरीणबाईंनी उशीखालून लॅपटॉप काढून वकिलाचे कागद टाइप केले, या खेपेला नवऱ्याच्या जामिनाचे. वकिलाने पहिल्यांदाच एकही चूक न काढता सही केली.

मास्तर घरी आले तेव्हा काचा झाडलेल्या होत्या. लेक आईच्या लॅपटॉपवर काम करत होती. उजव्या हाताची बोटं सुजून जांभळी झाली होती, म्हणून माउस डाव्या हातात. दुरुस्तीवाल्याकडची डिस्क जोडलेली होती. तिच्यावर शनिवारपर्यंतचं सगळं होतं. शनिवारनंतरचं नव्हतं. त्या दिवसांत तिने मोठ्या मापांच्या कॉलरी केल्या होत्या, त्या गेल्या. मास्तरांनी विचारलं, किती गेलं. ती म्हणाली, जेवढं हाताने पुन्हा होईल तेवढंच.

तिने ते पुन्हा केलं. डाव्या हाताने रेघ थरथरायची, मग पुसायची, मग पुन्हा. मास्तरीणबाई तिला भरवायच्या म्हणजे हात रिकामा करावा लागू नये. मास्तर समोर बसून असायचे. मदत करण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. महिनाअखेरीला साचे गेले, सर्वांत मोठं एक माप सोडून, आणि ते का राहिलं हे तिने कारखान्यात साचे तपासणाऱ्या बाईंना सुजलेला हात टेबलावर ठेवून सांगितलं. बाईंनी साचे कापडावर लावून पाहिले, उरलेल्या मापाला मुदत दिली आणि नोकरीही दिली.

नोकरी लागल्यावर तिने कारखान्याजवळ खोली घेतली. मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. दोघांवरही खटले चालू होते, जावई कोठडीतून कुबड्यांवर तारखेला येत होता, तो आज ना उद्या सुटेल. मास्तर म्हणाले, इथे राहा, मी दार बदलतो, लोखंडी घालतो.

“तुम्ही हात मध्ये घातलात म्हणून माझी बोटं शाबूत आहेत, हे मी कधी विसरणार नाही,” ती म्हणाली. “पण तो पडल्यावर तुमचं तोंड मी बघितलंय. मला आता कुणालाच घाबरून राहायचं नाही. तुम्हालासुद्धा.”

मास्तरीणबाई एरवी कोणाचं वाक्य खाली पडू देत नसत. त्या उठल्या आणि तिच्या चादरी बांधायला लागल्या.

जाण्याच्या दिवशी नवा कॉम्प्युटर, नवा सर्व्हर, कपड्यांची पेटी, सगळं जिन्याने खाली न्यायचं होतं. मास्तरांचा हात प्लास्टरमध्ये. ते दार धरून उभे राहिले. लेकीने सर्व्हर उचलला. वजन कंबरेवर घेऊ नकोस, खालून धर, अंगाशी ठेव, हे सांगायला ते पुढे झाले. तिने तो खालूनच धरला होता, अंगाशी. पायरी पायाने चाचपत ती उतरत गेली. वळणावर भिंतीला खांदा टेकवून क्षणभर टेकली, दम घेतला, आणि पुढच्या पायऱ्या उतरली. मास्तरांनी दार उघडंच ठेवलं, कारण पेटी न्यायला ती परत वर येणार होती.